‘पुणे कॅम्पस दर्शन’च्या सहलीत विकलेली सीट

बारावी सायन्सचं मूल घरात असेल आणि तुम्ही चिपळूण, गुहागर, दापोली, खेड ह्या पट्ट्यात राहत असाल, तर इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की तुम्हाला एक फोन येण्याची शक्यता आहे. मुलाचं नाव, ज्युनिअर कॉलेज, कधी कधी पर्सेंटाइलसुद्धा समोरच्याला ठाऊक असतं. फोनवरची मुलगी अगदी आर्जवाने बोलते. शिबिर मोफत, चहा-नाश्ता आमच्याकडून, फक्त पालकांनी दोघांनी यायचं. आम्हाला असाच फोन आला होता. सहलीचे पैसे वेगळे आणि वर चाळीस हजार रुपये, एवढ्याला आम्ही बुडालो. आमच्या बसमधले काही जण त्याहून जास्त बुडाले. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं बारावीला आहेत त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

गुहागरात आमच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि सोबत घरगुती खानावळ. पुण्या-मुंबईची माणसं फोनवर बोलून अॅडव्हान्स पाठवतात, न पाहिलेल्या घरात मुक्कामाला येतात, त्यावरच आमचा धंदा चालतो. त्यामुळे आगाऊ पैसे मागितले म्हणजे समोरचा लबाड, असं आमच्या मनात येत नाही.

शिबिर चिपळूणच्या एका हॉलमध्ये होतं. बोलणाऱ्या माणसाला सगळे ‘सर’ म्हणत होते. त्याने प्रत्येकाला एक चकचकीत फाइल दिली. आत मागच्या वर्षीचे कटऑफ, कॉलेजांची यादी, शाखांची तुलना. ‘आमच्या टीमचा सहा महिन्यांचा अभ्यास’ असं त्याने सांगितलं. ते कटऑफ म्हणजे राज्य सीईटी कक्ष आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकतो त्याच पीडीएफच्या रंगीत प्रती होत्या. पण बोलायला माणूस तयारीचा. एक शब्द खोटा वाटणार नाही असं तासभर बोलला आणि मग हळूच म्हणाला, ‘कागदावर कॉलेज कळत नाही. मुलाला घेऊन एकदा कॅम्पसवर चला. घरच्यांची पुण्याची ट्रिपही होऊन जाईल.’

हे म्हणणं कुणालाही पटेल असंच आहे. लेकीला ८८ पर्सेंटाइल होते, तिला इंजिनिअरिंगची कॉम्प्युटर शाखाच हवी होती. धाकट्याला मेट्रोत बसायचं होतं, सासूबाईंना दगडूशेठचं दर्शन घ्यायचं होतं. माणशी २,८०० रुपयांत प्रवास, मुक्काम, जेवण आणि ‘अपॉइंटमेंट घेतलेल्या’ कॉलेजांच्या भेटी. पावती मिळाली. तिच्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना कुठली नोंदणी, नुसता गोल शिक्का.

बस रात्रीची होती. जूनचा पाऊस, कुंभार्ली घाटात पुढचं काही दिसत नव्हतं, धाकट्याला गाडी लागली. पाटण, कराड करत उजाडता उजाडता पुण्यात शिरलो. मुक्काम ‘डेक्कनला’ सांगितला होता, प्रत्यक्षात कात्रजच्या पुढे एका लॉजवर निघाला. माणसं कुरकुरली, पण आंघोळ करून पुन्हा बसमध्ये बसायचंच होतं.

पहिला दिवस खरोखर चांगला गेला, आणि ते मुद्दाम केलेलं होतं. शिवाजीनगरला १८५४ सालचं सीओईपी, पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, बाहेरून दाखवलं, फर्ग्युसनची दगडी इमारत दाखवली, शनिवारवाडा झाला, दगडूशेठ झाला. एका कॉलेजच्या गेटवर आत सोडणार असं सांगितलं होतं. तिथे सर उतरून बाजूला फोनवर बोलत राहिले आणि परत येऊन म्हणाले, ‘आज व्हीआयपी व्हिजिट आहे, परवानगी रद्द झाली.’ लेक तेवढ्यात जाऊन वॉचमनशी बोलून आली. तो तिला म्हणाला, ‘कसली अपॉइंटमेंट? आधार दाखव, रजिस्टरात नाव लिही आणि जा आत. कॉलेजच आहे.’ तिने हे बसमध्ये सांगितलं, पण तोवर गाडी सुरू झाली होती आणि पुढच्या सीटवरच्या एका बाईंच्या मुलाला भूक लागली होती. विषय तिथेच राहिला. आंब्याच्या पेटीत वरचा थर देवगडचा लावून खाली कर्नाटकातला माल भरतात, तसा हा पहिला दिवस. नावाजलेली कॉलेजं डोळ्यांनी पाहिली की दुसऱ्या दिवशीचंही खरंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर हायवेला लागून असलेल्या एका खासगी कॉलेजला नेलं. कॉलेज खरं, इमारत मोठी, फाटकातून मैदान दिसत होतं. आम्हाला मात्र आत न नेता रस्त्याच्या पलीकडे एका हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. ‘कॉलेजात काम चालू आहे म्हणून अॅडमिशन सेल इकडे हलवला आहे.’ दारावर कॉलेजच्या बोधचिन्हाचा बॅनर, आत टेबलामागे गळ्यात ओळखपत्र घातलेल्या दोन मॅडम. ओळखपत्राची दोरी निळी होती आणि कार्ड उलटं लटकत होतं, समोरची बाजू कधी दिसलीच नाही.

तिथे सांगितलं ते असं. कॉम्प्युटरच्या मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, शेवटच्या काही जागा उरल्यात, ८८ ला कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, ही शाखा ह्या कॉलेजात मिळणारच नाही, आज चाळीस हजार भरून सीट ‘ब्लॉक’ करा, रक्कम नंतर फीमध्ये वळती होईल. दापोलीचे म्हणून ओळख करून दिलेले एक गृहस्थ सगळ्यांत आधी उठले, त्यांनी नोटांचं बंडल काढलं, पत्र घेतलं आणि डोळे पुसत बाहेर गेले. मग रांगच लागली. हे गृहस्थ परतीच्या बसमध्ये नव्हते. बसमधल्या दापोलीच्या मंडळींपैकी त्यांना कुणीच ओळखत नव्हतं.

आमच्या घरच्या ह्यांनी पंचवीस हजार यूपीआयने दिले. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कॉलेजचं किंवा ट्रस्टचं नाव यायला हवं, तिथे एका बाईचं नाव आलं. विचारलं, तर ‘त्या आमच्या अकाउंटंट, ट्रस्टच्या खात्याची आजची लिमिट संपली’ हे उत्तर तयार. उरलेले पंधरा रोख. मग मॅडमनी मूळ कागद मागितले, दहावीचं, बारावीचं, जातीचा दाखला, डोमिसाइल. सासूबाई आतापर्यंत खुर्चीत पेंगत होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, ‘झेरॉक्स घे हवी तेवढी. मूळ कागद माझ्या नातीच्या पिशवीतून बाहेर येणार नाय.’ मॅडमचा चेहरा उतरला, पण रांग मोठी होती, सोडून दिलं. ज्यांनी मूळ कागद दिले त्यांचे हाल पुढे सांगते.

परतीच्या वाटेत लेकीने ते ‘प्रोव्हिजनल सीट कन्फर्मेशन’चं पत्र माझ्याकडे दिलं. आम्ही मे महिन्यात पुण्याला आंबा आणि वर्षभर आमसुलं, कोकम आगळ पार्सलने पाठवतो, पत्ते माझ्याच हाताने लिहिलेले असतात. पुण्याचा पिन ४११ ने सुरू होतो, शहराबाहेर बहुतेक ४१२ ने. पत्राच्या डोक्यावर कॉलेजचा पत्ता पुण्याचा आणि पिन ४०० ने सुरू होणारा, म्हणजे मुंबईचा. ई-मेलही जीमेलचा. पोटात गोळा आला.

घरी आल्यावर लेकीने पत्रावरचा नंबर बाजूला ठेवला, सीईटी कक्षाच्या यादीवरून कॉलेजचं नाव ताडून त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर काढला आणि फोन लावला. पलीकडच्या क्लार्कने पत्राचा क्रमांक ऐकला आणि म्हणाला, ‘ताई, आमच्या संस्था स्तराच्या प्रवेशाचे अर्जच अजून सुरू झालेले नाहीत. तुमच्यासारखे आणखी फोन आलेत.’ सरांना फोन केला, तर आधी ‘सिस्टिम अपडेट चालू आहे’, मग ‘मीटिंगमध्ये आहे’, मग फोनच बंद.

आता ह्यातलं खरं काय आणि खोटं काय, ते नीट समजून घ्या, कारण ही माणसं अर्धं खरं सांगतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत संस्था स्तरावरच्या, म्हणजेच मॅनेजमेंटच्या, जागा असतात, २० टक्क्यांपर्यंत. पण त्या भरायला कॉलेजला जाहिरात द्यावी लागते, अर्ज मागवावे लागतात, गुणवत्ता यादी लावावी लागते. हॉटेलच्या हॉलमध्ये त्या ‘ब्लॉक’ होत नाहीत. प्रवेशासाठी देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ च्या कायद्याने प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणं नेमलेली आहेत. कोणत्या कॉलेजला किती फी मंजूर आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. कॅपची नोंदणी, पसंतीक्रम, सीट स्वीकारण्याचं शुल्क, सगळं सीईटी कक्षाच्या पोर्टलवरच होतं. मधल्या माणसाला त्यात हात घालायला जागाच नाही.

सगळ्यांत मोठी थाप मुलींच्या फीची होती, आणि त्यावर बोलताना माझा आवाज अजूनही चढतो. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आम्ही ओबीसीत, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. शिबिरात मी उभी राहून विचारलं होतं की मॅनेजमेंटच्या सीटला ही माफी लागते का. सर हसून म्हणाले, ‘मुलगी ती मुलगी ताई, सीट कुठलीही असो.’ साफ खोटं. माफी कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे ते पत्र खरं असतं तरी त्या सीटपायी चार वर्षांची फी आमच्या गळ्यात पडली असती. हॉलमधल्या निम्म्या मुलींना ही माफी मिळण्यासारखी होती. त्यांच्या आयांना हे कुणी सांगितलं नाही.

पैशांचं म्हणाल तर कॉलेजला फोन केला त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला. त्यांनी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्या खात्याचा तपशील विचारला. हे सगळं यूपीआय अॅपच्या इतिहासात असतं, स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवली. पंचवीसपैकी अकरा हजार त्या खात्यात सापडले आणि बँकेने रोखले. बाकीचे तोवर पुढे गेले होते. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी अर्ज केला आहे. रोख दिलेल्या पंधरा हजारांचा माग पोर्टलवर लागत नाही. त्यासाठी पोलिस ठाण्यात गेलो तर पहिलं उत्तर, ‘पैसे पुण्यात दिले, पुण्याला जा.’ तसं जावं लागत नाही. शून्य क्रमांकाचा एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग ते लोक तो पुढे पाठवतात. हे शब्द वापरून पुन्हा सांगितल्यावर लिहून घेतलं.

मूळ कागद दिलेल्या दोन घरांना नंतर फोन आले की कागद हवे असतील तर ‘फाइल चार्ज’ म्हणून आणखी दहा-दहा हजार पाठवा. एकाने पाठवले, तरी कागद आले नाहीत. दुसऱ्याने पोलिसांत तक्रार देऊन बोर्डाकडे गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज केला. कॅपच्या कागदपत्र पडताळणीच्या ऐन दिवसांत ही धावपळ.

पुढे लेक आणि हे एसटीने पुण्याला गेले, लेकीला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट. स्वारगेटला उतरले, जी कॉलेजं पसंतीक्रमात घालायची होती तेवढीच पाहिली. गेटवर आधार दाखवलं, रजिस्टरात सही केली, आत गेले. कुणी पैसे मागितले नाहीत. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं भेटली, त्यांनी हॉस्टेलच्या जागा किती अपुऱ्या आहेत, मेसचं काय, कुठल्या शाखेच्या लॅब बंद असतात, सगळं न विचारता सांगितलं. येताना वाट वाकडी करून माणगावजवळ लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठही पाहून आले. फॉर्ममध्ये तेही घातलं आहे. घरापासून जवळ आहे, आणि ह्या सगळ्या गडबडीत त्याचं नाव आमच्याकडे कुणी घेतलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यापासून नवे फोन सुरू झालेत, ‘फेऱ्यांनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा’ म्हणून. नंबर वेगळा आहे, कंपनीचं नाव वेगळं आहे, बोलण्याची पट्टी मात्र तीच, आणि ह्या वेळी सहल मुंबईची आहे. त्या जागांसाठीसुद्धा अर्ज कॉलेजलाच करायचा असतो. आमच्या बसमधले जे लोक लाजेखातर अजून गप्प बसलेत त्यांनी पावती, पत्र आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या ठाण्यात जावं. एकाच खात्यावर जितक्या तक्रारी जास्त, तितकी ती फाइल वर येते, असं आमची तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनीच सांगितलं आहे. सहलीच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे आमची नोंद झाली आहे, तुमचीही करा.