घट्ट बसलेली फेसप्लेट आणि पट्ट्याचा पाना: दोन प्रकारांची पारख

लाकूड कातण्याच्या लेथवर घट्ट बसलेली फेसप्लेट (लाकूड स्क्रूने जिच्यावर बसवतात ती धातूची तबकडी) सोडवण्यासाठी पट्ट्याचा पाना घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जरूर घ्यावा’ असे आहे. मात्र तो रबरी पट्ट्याचा नसावा, विणलेल्या नायलॉन पट्ट्याचा असावा, आणि स्पिंडल (फेसप्लेट जिच्यावर आट्यांनी चढते ती लेथची फिरती आस) पक्का धरून ठेवण्याची सोय आधीच हाताशी असावी. ही दुसरी अट विक्रेत्यांच्या माहितीत सहसा नसते, आणि पाना ‘चालला नाही’ अशा बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

बाजारात काहीशे रुपयांत मिळणारे हे पाने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात प्लास्टिकच्या दांड्याला जाड रबरी पट्टा ओवलेला असतो. हा पाना प्रामुख्याने बरण्यांची झाकणे, तेलाचे फिल्टर आणि नळजोडणीच्या कामासाठी खपतो. दुसऱ्यात पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि सुमारे इंचभर रुंदीचा विणलेला पट्टा असतो. दोन्हींचे तत्त्व एकच आहे: पट्टा गोल वस्तूभोवती गुंडाळून दांडा ओढला की ताण वाढतो, ताणाबरोबर पकडही वाढते आणि धातूवर दातांचे व्रण उठत नाहीत. नळवाल्यांचा पाइप पाना हेच काम अधिक जोराने करतो, पण फेसप्लेटची कड कुरतडून ठेवतो. त्या खरबरीत कडेला पुढे फिरत्या लेथवर बोट लागले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

मी हे दोन्ही पाने एम ३३ × ३.५ आट्यांच्या (व्यास ३३ मिमी, दोन आट्यांतले अंतर ३.५ मिमी) स्पिंडलवर, ७५ मिमी व्यासाच्या बिडाच्या फेसप्लेटवर वापरले. आंब्याच्या ओल्या लाकडाचा जड ठोकळा त्या प्लेटवर कातला होता आणि पावसाळी हवेत ती तशीच लेथवर राहिली होती. फेसप्लेट घट्ट बसण्यामागची दोन नेहमीची कारणे इथे एकत्र आली होती. लेथ सुरू होताना किंवा हत्यार लाकडात अचानक रुतल्यावर फेसप्लेट प्रत्येक वेळी स्पिंडलच्या खांद्यावर (आट्यांमागच्या रुंद कडेवर) थोडी अधिक आवळली जाते, आणि ओल्या लाकडाचा रस आट्यांत उतरला की गंज त्या आवळण्यावर शिक्कामोर्तब करतो. तिसरे कारण आट्यांत अडकलेला भुसा किंवा खांद्यावरची बारीक कूस, म्हणजे धातूचा उठलेला कण. ते प्लेट निघाल्यावरच दिसते.

रबरी पाना इथे सपशेल उणा पडला. दांडा ओढला की आधी रबर ताणते, हाताला पाना फिरल्यासारखा वाटतो, पण प्लेटवर खडूने केलेली खूण जागची हलत नाही. आणखी जोर लावला की पट्टा एकदम सरकतो आणि कडेवर काळा ओरखडा सोडतो. विणलेला पट्टा जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे हाताचा जोर थेट प्लेटवर पोचतो. दांडा ३० सेंमी लांबीचा असेल आणि त्याच्या टोकाशी वीस किलोचा जोर लावला, तर सुमारे ६० न्यूटन-मीटर इतके पीळबळ मिळते, आणि मध्यम घट्ट बसलेल्या प्लेटला ते पुरेसे ठरते. प्लेट सुटताना ‘कट’ असा कोरडा आवाज येतो आणि त्यानंतर ती दोन बोटांनी फिरते.

तरीही विणलेल्या पट्ट्यात एक दोष आहे. पट्टा रुंद आणि स्वस्त फेसप्लेटची कड जेमतेम सहा ते आठ मिमी जाड, त्यामुळे अर्धाअधिक पट्टा कडेबाहेर लोंबतो आणि जोर वाढला की एका बाजूला चढून निसटतो. जाड कडेच्या प्लेटवर किंवा चकच्या (काम जबड्यांत पकडणाऱ्या साधनाच्या) अंगावर हाच पाना निर्धास्त बसतो. कडेवर तेलाचा नुसता हात लागला असला तरी पकड जाते, म्हणून पट्टा लावण्यापूर्वी कड थिनरने पुसून घेणे आवश्यक आहे. आट्यांत डब्ल्यूडी-४० सोडायचे असेल तर ते कडेवर उडणार नाही, इतपत काळजी घ्यावी लागते. मुळात १९५३ मध्ये पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालेला हा फवारा गंजलेले आटे सोडवायला काही प्रमाणात मदत करतो, पण त्यासाठी त्याला रात्रभर मुरू द्यावे लागते. फवारले आणि लगेच पाना लावला, असे केल्यास त्याचा उपयोग जवळपास शून्य.

दिशेबाबत अनेकांचा गोंधळ होतो. आपण लेथसमोर उभे असताना काम सहसा वरून आपल्याकडे फिरते. प्लेट सोडवतानाही ती त्याच दिशेने, म्हणजे वरची कड आपल्याकडे ओढून फिरवायची असते, आणि स्पिंडल मात्र जागेवर धरायचा असतो. हेडस्टॉकच्या (स्पिंडल ज्यात बसतो त्या भागाच्या) बाहेरच्या टोकाला डावे आटे असलेल्या जुन्या लेथवर त्या बाजूच्या प्लेटसाठी डावे-उजवे वेगळे तपासून घ्यावे. पट्ट्याचा पाना एकाच दिशेने पकडतो. उलटा गुंडाळला तर नुसता घसरत राहतो आणि दोष पान्याच्या माथी येतो. आपल्याकडचे पारंपरिक कातारी दोन टोकांमध्ये लाकूड धरून ते दोरीने मागे-पुढे फिरवत, त्यांना ही विवंचना नव्हती. आट्यांवर बसणारी प्लेट त्या उलटसुलट फिरण्यात टिकलीच नसती.

त्याच कारणासाठी उलट्या दिशेनेही चालणाऱ्या लेथच्या अनेक फेसप्लेटच्या मानेवर एक छोटा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) असतो. पाना हातात घेण्यापूर्वी तो अ‍ॅलन कीने ढिला केला आहे ना, हे पाहावे. भुसा आणि मेणाखाली तो असा दडतो की नव्या माणसाला तिथे स्क्रू आहे हेच कळत नाही, आणि तो आवळलेला असताना प्लेट जोराने फिरवली तर स्पिंडलचे आटे खरवडले जातात.

आता स्पिंडल धरण्याविषयी. बहुतेक लेथवर कामाचे समान भाग पाडण्यासाठी खिळीची सोय असते, आणि घाईत तीच खिळी अडकवून लोक पान्याला लोंबकळतात. ही खिळी पीळ सहन करण्यासाठी केलेली नसते. ती वाकते किंवा पुलीवरच्या भोकांच्या कडा तुटतात, आणि प्लेटपेक्षा ती दुरुस्ती महाग पडते. काही लेथच्या स्पिंडलवर पाना बसेल अशा सपाट बाजू असतात, काहींत सळई घालण्यासाठी आडवे भोक असते. धरायचे ते तिथेच. बाहेरच्या टोकाचे हातचाक धरून भागेल असे वाटते, पण ते बहुधा एका लहान स्क्रूवर बसवलेले असते आणि जोर येताच स्पिंडलवर घसरते. हातोडीने ठोकून प्लेट सैल करण्याच्या सल्ल्याला मी ठाम नकार देतो, कारण तो मार आट्यांबरोबर बेअरिंगलाही बसतो आणि गोळ्यांच्या वाटेत पडलेले खळगे पुढे कायम खरखर ऐकवतात.

पट्टा हरला तर दोन उपाय उरतात. पहिला उष्णतेचा: ३३ मिमी भोकाची पोलादी प्लेट स्पिंडलपेक्षा ६० अंशांनी जास्त तापली तर भोक सुमारे ०.०२४ मिमी वाढते, आणि गंजाची पकड मोडायला तेवढे पुष्कळदा पुरते. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट जवळजवळ दुप्पट फुगते. हीट गन प्लेटच्या मानेवर चोहोबाजूंनी फिरवावी, बेअरिंगकडे रोखू नये, आणि स्पिंडल तापण्याआधी पाना ओढावा. गरम प्लेटवर नायलॉन पट्टा मऊ पडतो, हे मात्र लक्षात ठेवावे. दुसरा उपाय फुकटचा आणि, खरे सांगायचे तर, पट्ट्याच्या पान्यापेक्षा बळकट आहे: दोन फूट लांबीची सागवानी पट्टी प्लेटच्या स्क्रूच्या भोकांतून बोल्टने आवळायची आणि तिचाच दांडा करायचा. मग पाना कशासाठी घ्यायचा? काम अजून प्लेटवर असताना ही भोके झाकलेली असतात, तिथे फळी लावता येत नाही आणि पट्टा लावता येतो. चकचेही तसेच, त्याला अशी भोके सहसा नसतात.

प्लेट निघाल्यावर आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, खांद्यावरची कूस बारीक कानशीने उतरवून, मधे प्लास्टिकची पातळ चकती घातली तर पुढे पाना क्वचितच लागतो. चकतीने प्लेटची बैठक बिघडते असा आक्षेप काही जण घेतात. वाडगे आणि ताटे कातणाऱ्याला त्याचा उपसर्ग जाणवत नाही. काम वारंवार काढून पुन्हा अचूक बसवायचे असेल तर चकती वगळावी आणि प्रत्येक वेळी खांदा पुसूनच प्लेट चढवावी.

खरेदी करताना पट्टा दांड्यात जिथे शिरतो ती खाच नीट पाहावी. मला एका विक्रेत्याकडून आलेल्या पान्याच्या खाचेची कड ओतीव आणि धारदार होती, आणि त्या कडेवर पट्ट्याचे धागे तुटू लागले होते. कानस मारून ती गोल केल्यावर धागे तुटणे थांबले. पट्टा बदलता येईल असा पानाच निवडावा, कारण दांडा वर्षानुवर्षे टिकतो, झिजतो तो पट्टा. आणि ज्यांच्या लेथच्या स्पिंडलवर सपाट बाजूही नाही आणि आडवे भोकही नाही, त्यांनी पान्याची मागणी नोंदवण्यापूर्वी लेथच्या उत्पादकाकडे स्पिंडल धरण्याची कोणती सोय दिली आहे, याची चौकशी करावी.