टर्बो बदलल्याचे ४६,८०० घेतले, टर्बोला पानाही लागला नव्हता

आधी हिशोब मांडतो, कारण रात्री झोप उडते ती त्यानंच. 'नवीन टर्बो' (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) ३१,५००. मजुरी ६,०००. इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारी जाळी) साफसफाई २,५००. ऑइल, फिल्टर, कूलंट ४,३००. आणि 'सॉफ्टवेअर अपडेट' २,५००. एकूण ४६,८००. त्यातले २०,००० पार्ट मागवायला म्हणून यूपीआयनं आगाऊ, उरलेले २६,८०० गाडी घेताना रोख. पक्कं बिल मागितलं तर 'जीएसटी वर लागेल दादा, कशाला उगाच' असं उत्तर. हातात काय आलं? गॅरेजचा शिक्का नसलेल्या वहीतलं एक पान.

गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल. चिपळूणहून कराडला परत येत होतो. पोफळी मागे पडली, कुंभार्लीचा चढ लागला आणि गाडी उठेना. तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात टाकली तरी रडतच चालली. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर आणि बॉनेटखाली फस्स असा आवाज. चेक इंजिनची लाईट लागलेली. मागून एसटी हॉर्न मारतेय, आई मागच्या सीटवर देवाचं नाव घेतेय. वर हेळवाकला येऊन गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर सपाटीला बरी चालली. डिझेलवाल्यांनी ओळखलंच असेल, गाडी लिंप मोडला गेली होती, म्हणजे इंजिन वाचवायला तिनं स्वतःच ताकद कमी केली होती.

दोन दिवसांनी वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला न्यायचं होतं. आमचा नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला. म्हणून हायवेलगतच्या त्या मोठ्या गॅरेजात गेलो. एसी वेटिंग रूम, भिंतीवर सर्टिफिकिटं, पोरांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्यांनी स्कॅनर लावला, पी०२९९ कोड दाखवला. 'अंडरबूस्ट. टर्बो गेलाय.' झालं निदान. अहो, तो कोड फक्त एवढंच सांगतो की इंजिनाला हवा तेवढा हवेचा दाब मिळत नाहीये. का मिळत नाही, ते कोड सांगत नाही. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाड रबरी पाईप असतात. त्यातला एखादा फाटला किंवा क्लॅम्पमधून निसटला तरी हाच कोड येतो. टर्बोचा दाब आवरणारा ॲक्चुएटर अडकला तरी येतो, दाब मोजणारा सेन्सर काजळीनं भरला तरी येऊ शकतो. पाईप बघायला बॅटरी आणि पाच मिनिटं पुरतात. टर्बो शेवटी बघायचा. पण पाईपात ३१,५०० मिळत नाहीत ना.

मग नाटक झालं. संध्याकाळी फोन आला, 'या, तुमचा टर्बो काढलाय, डोळ्यानं बघून घ्या.' टेबलावर फडक्यावर एक टर्बो ठेवलेला. मालकानं माझं बोट धरून शाफ्टवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, ठेवलं आणि म्हणाला, 'हलवा.' हलवला, हलला. 'बघा, प्ले आलाय. आणखी पाचशे किलोमीटर चालवली असती तर पात्याचे तुकडे इंजिनात गेले असते, मग लाखाचं काम.' नंतर पाईपच्या तोंडात बोट घालून तेल दाखवलं, 'ऑइल फेकतोय.' मी घाबरलो. मिरज डोक्यात होतं. २०,००० पाठवले.

आज जे माहीत आहे ते त्या टेबलाशी माहीत असतं तर! टर्बोचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे काढलेल्या कोरड्या टर्बोत तो आडवा किंचित हलणारच, नवा असला तरी. आत-बाहेर, म्हणजे लांबीत सरकत असेल किंवा पातं हाऊसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासत असेल तर काळजी करायची. मला आडवाच हलवायला लावला. आणि पाईपात तेलाचा हलका ओलावा बहुतेक डिझेल गाड्यांत सापडतो, कारण इंजिनाची वाफ त्याच वाटेनं परत जाते. टर्बो खरंच तेल खात असेल तर निळसर धूर येतो आणि डिपस्टिकवर तेल कमी दिसतं. माझा धूर काळा होता आणि तेल पुरतं होतं. सगळा पुरावा माझ्या बाजूनं होता आणि मी मान डोलावत होतो.

पण ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करत नाही तो त्याच्या पुढचा. दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो. बॉनेट उघडून मालकानं चंदेरी चकचकीत टर्बो दाखवला, वरून दिसतो तेवढाच. त्याच्या खालच्या अंगाला इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप कोरा करकरीत काळा, त्यावर नवी क्लिप. आजूबाजूचं सगळं दहा वर्षांच्या धुळीचं आणि तेवढा पाईप नवा. मी विचारलंसुद्धा, 'हा पाईप पण बदलला का?' तो म्हणाला, 'तो आपल्याकडून फ्री टाकलाय दादा, तुम्ही घरचेच.' वहीच्या पानावर पाईपचा उल्लेख नाही. आणि मी काय म्हणालो? थँक्यू म्हणालो. गाडीचं जे खरं दुखणं होतं, ज्याच्यावर अख्खं काम झालं होतं, तेवढंच त्यानं फुकट म्हणून दाखवलं आणि मी त्याचे आभार मानून २६,८०० मोजून दिले.

जुना टर्बो मागितला. 'तो एक्सचेंजमध्ये कंपनीला परत जातो, म्हणून तर ३१,५०० ला बसला, नाहीतर बेचाळीस.' आता ऐका, मी नोकरी काय करतो ते. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. जुना बेअरिंग जमा झाल्याशिवाय नवा बेअरिंग माझ्या खिडकीतून बाहेर जात नाही, मग समोर चीफ इंजिनिअर का असेना. तरी मी गप्प बसलो. लोक म्हणतील, एवढा शहाणा माणूस फसलाच कसा. वडील गाडीत बसून होते, डॉक्टरांनी अकराची वेळ दिलेली आणि गाडी घाटात नव्हे, हायवेला एकदम झक्कास पळत होती. पळणारच! फाटलेला पाईप बदलला होता ना. गाडी पळतेय म्हटल्यावर शंका कोण घेतं, सांगा.

काही महिने गेले. पावसाळ्यात परत कोयनेच्या बाजूला निघालो, परत तोच फस्स आवाज, तीच लाईट. या वेळी आमचा मिस्त्री होता. त्यानं पोराला ॲक्सिलरेटर द्यायला लावला, पाईपावर हात ठेवला आणि दोन मिनिटांत म्हणाला, 'क्लिप हलकी घातलीय, पाईप निसटलाय. पाईप पण लोकल आहे, फुगलाय बघा.' मी म्हटलं, अहो आत्ताच नवा टर्बो बसवलाय. तो वाकला, बॅटरी मारली आणि जे बोलला ते मला पाठ झालंय.

'कुणी सांगितलं टर्बो बदलला? हे हीट शिल्डचे, टर्बोवरच्या पत्र्याचे, बोल्ट बघा, गंजून एकजीव झालेत. ह्यांना कंपनीतनं आल्यापासून पाना लागलेला नाही. हे न काढता टर्बो बाहेर येतो होय? वरनं सिल्व्हर पेंट मारलाय, हात लावा, बोटाला येतोय.'

बोटाला आला.

मग मी मोबाईलमधला त्या टेबलावरच्या टर्बोचा फोटो काढून दाखवला. बायकोला पाठवण्यासाठी काढला होता, एवढंच शहाणपण. मिस्त्री हसायलाच लागला. माझ्या ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) इंजिनाला साधा वेस्टगेटवाला, म्हणजे जादा दाब झडपेतून सोडणारा, टर्बो येतो. फोटोतला व्हीजीटी होता, आतल्या पाकळ्या हलवायला बाजूला दांडी असलेला, तसा ९० पीएसच्या इंजिनाला लागतो. म्हणजे माझ्या गाडीला कधी बसलाच नसता! हे १,२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन फियाटचं, पण मारुतीनं वापरलं, टाटानं वापरलं. सगळीकडे पसरलेलं, म्हणून त्याचे मेलेले टर्बो भंगारात ढिगानं मिळतात. एक उचलून टेबलावर ठेवायचा आणि येईल त्या गिऱ्हाईकाला 'हा तुमचा' म्हणायचं. मारुतीनं २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण रस्त्यावर आमच्यासारख्या जुन्या गाड्यावाल्यांची कमी नाही. आणि गाडी दहा वर्षांची झाली की मालक सगळ्यावर विश्वास ठेवायला तयारच असतो.

मिस्त्रीनं ओरिजिनल पाईप घातला, १,६८०. दोन क्लॅम्प १६०. मजुरी ४००. एकूण २,२४०, आणि बिल न मागता दिलं.

तर डिझेलवाल्यांनो, गाडी गॅरेजात सोडण्याआधी जो पार्ट बदलणार म्हणतात त्याच्यावर आणि त्याच्या बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि फोटो काढा. लाज वाटून घेऊ नका. जुना पार्ट डिकीत टाकून द्या म्हणावं, एक्सचेंज असेल तर तसं बिलावर लिहून द्या म्हणावं. आठशे रुपयांत गाडीचे कोड आणि दाब मोबाईलवर दाखवणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र मिळतं, मी आता घेतलंय. चावी ऑन, इंजिन बंद असताना इनटेकचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब बाहेरच्या हवेइतका, शंभर किलोपास्कलच्या जरा आत दिसला पाहिजे. चढाला तिसऱ्यात पाय दाबला की तो दोनशेकडे जायला हवा. शंभराच्या आसपासच रेंगाळला तर हवा कुठेतरी निसटतेय, आधी पाईप बघा. दाब नीट चढतोय तरी गाडी ओढत नाही, तर डिझेलच्या बाजूला जा. पी००८७ कोड आला तर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, कमी आहे, आणि पहिला संशय चोक झालेल्या डिझेल फिल्टरवर घ्या, पंप-इंजेक्टरवर नाही. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला तरी काळा धूर आणि पिकअप गायब. 'सॉफ्टवेअर अपडेट' हा शब्द ऐकला की आधीचं आणि नंतरचं व्हर्जन दाखवा म्हणा. माझ्याकडून २,५०० घेऊन फक्त कोड पुसला होता, आणि ते काम माझं यंत्र फुकट करतं.

गॅरेजला गेलो. मालक आधी म्हणाला, टर्बो बदललाय. बोल्ट दाखवले तर म्हणाला, कोअर (टर्बोचा आतला फिरता भाग) बदललाय, अख्खा नाही. कोअर न उतरवता कसा बदलला, विचारलं तर म्हणाला, मुलाला विचारतो. तो मुलगा नोकरी सोडून गेलाय म्हणे. आणि शेवटी, 'पावती आहे का तुमच्याकडे?'

हाच प्रश्न मग सगळ्यांनी विचारला. चौकीत हवालदारांनी वहीचं पान उलटसुलट करून बघितलं. 'गाडी चालतेय का?' चालतेय. 'मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला, कोर्टात जा.' भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर 'वकील आहात का?' तक्रार अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेलो, तर कालचे हवालदार सुट्टीवर. आरटीओत गेलो, त्यांच्याकडे लायसन आणि फिटनेस, गॅरेज त्यांच्या अखत्यारीत नाही. मग कुणाच्या आहे? उत्तर, 'ते आम्हाला कसं माहीत असणार?' ग्राहकांच्या हेल्पलाइनवर गोड आवाजात तक्रार घेतली, नंबर दिला, आणि काही आठवड्यांनी मेसेज आला की समोरच्याकडून प्रतिसाद न आल्यानं तक्रार बंद करण्यात येत आहे. म्हणजे चोरानं उत्तर दिलं नाही म्हणून फाइल बंद! बँकेनं सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. बिल न देणाऱ्याची कर खात्याला तक्रार करायला गेलो तर पुरावा म्हणून बिल जोडा म्हणाले. हसू नका, खरंच म्हणाले. सकाळी नऊला रजेचा अर्ज टाकायचा आणि संध्याकाळी चार टेबलांची धूळ घेऊन घरी यायचं. तिकडे गॅरेजात रोज नवीन गाडी उभी.

वकिलानं ८,००० सांगितले, म्हणून स्वतःच जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार घातली. वकील सक्तीचा नाही. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी शून्य आहे, आणि दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते, हे कुठल्याही टेबलावर मला कुणी सांगितलं नाही. २०१९ च्या कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे 'पावती आहे का' हा प्रश्न आता त्याच्यावर उलटवायचा आहे. ऑइल-फिल्टर खरंच बदललं होतं असं मिस्त्री म्हणाला, म्हणून ४,३०० सोडून दिले. मागणी ४२,५०० ची आणि वर खर्च. तक्रार गेल्याबरोबर मालकाचा निरोप आला, ५,००० देतो, मिटवून टाका. नाही म्हटलं.

फोटोतल्या त्या टर्बोच्या हाऊसिंगवर पिवळ्या पेंटनं ७ आकडा लिहिलाय आणि दांडीपाशी एक कोपरा तुटलाय. कराड, पाटण, इस्लामपूर भागात कुणाला 'हा तुमचा टर्बो' म्हणून हाच दाखवला असेल, आणि फोटो असेल, तर मला मेसेज करा. फोटो तारखेसकट हवा, तक्रारीला जोडायचा आहे.