चाकावरचं एमआरआय, बाळाच्या बेडपाशी: एनआयसीयूतल्या सिस्टरचा रिव्ह्यू

काही महिने झाले आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ढकलत आणायचं लो-फील्ड (कमी ताकदीच्या मॅग्नेटचं) एमआरआय मशीन वापरतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला या प्रकारच्या मशीनबद्दलच बोलायचंय, आणि मी सिस्टर आहे, रेडिओलॉजिस्ट नाही, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.

आधी हे सांगते की आजारी बाळाला मोठ्या एमआरआयला न्यायचं म्हणजे काय असतं. व्हेंटिलेटर बदला, पंपाच्या नळ्या लांब करा, ऑक्सिजन येऊनजाऊन पुरेल का बघा, मॉनिटर बदला, बाळाला गुंडाळा, आणि या सगळ्यात ९०० ग्रॅमचं बाळ गार पडायला कितीसा वेळ लागतो. मग लिफ्ट. एकदा लिफ्टच्या दारातच एका बाळाची श्वासाची ट्यूब सरकली, सॅचुरेशन (रक्तातला ऑक्सिजन) धडाधड खाली, मी तिथेच गुडघ्यावर बसून अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मारतेय आणि दार आपलं उघडतंय मिटतंय उघडतंय मिटतंय. बाळ सावरलं पण स्कॅन काही त्या दिवशी झाला नाही. त्यामुळे मशीनच बाळाकडे येणार म्हटल्यावर माझं निम्मं मत तिथेच झालं होतं, खोटं कशाला बोलू.

मशीन साध्या प्लगवर चालतं, मॅग्नेट गार ठेवायला हेलियम नको, वेगळी खोली नको, टॅबलेटवरून स्कॅन सुरू करायचा. या प्रकारातलं नावाजलेलं स्वूप म्हणून आहे, त्याला २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) परवानगी मिळाली, त्याचं मॅग्नेट ०.०६४ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे मॅग्नेटची ताकद मोजायचं माप). मोठी मशीन १.५ किंवा ३ टेस्लाची असतात म्हणजे हे वीस पटींहून जास्त कमजोर, आणि तेच त्याचं बळ पण आहे, कारण मॅग्नेट कमजोर म्हणून तर ते वॉर्डात आणता येतं. फक्त 'छोटं' म्हणतात त्यावर जाऊ नका, ६०० किलोच्या वर वजन आहे, दोन वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणारे बेड) मधून आत घालताना आमच्या वॉर्डबॉय मामांना घाम फुटतो. आणि कमजोर असलं तरी मॅग्नेट ते मॅग्नेट. ठरलेल्या रेषेच्या आत पंप, सिलिंडर, कात्री काही चालत नाही, खिसे रिकामे करायचेच.

आता फोटो. मोठ्या मशीनच्या फोटोची सवय असेल तर पहिल्यांदा वाटतं की पावसात भिजलेल्या काचेतून बघतोय. पण आमच्या सरांनी सांगितलेलं मला पटलं, ते म्हणाले सिस्टर, प्रश्न काय आहे ते बघा. रक्तस्राव मोठा आहे का, व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) फुगलेत का, मेंदू एका बाजूला सरकलाय का, एवढं रात्री दोन वाजता कळलं तरी पुढचा निर्णय होतो. ठिपक्याएवढी इजा मात्र यात सुटू शकते. जन्मताना गुदमरलेलं बाळ, ज्याला मेंदू वाचवायला ७२ तास ३३.५ डिग्रीवर कूलिंग करतो म्हणजे गार ठेवतो, त्याच्या मेंदूचं नेमकं किती नुकसान झालंय हे आईबापांना सांगायचं असेल तर बाळ स्थिर झाल्यावर मोठा एमआरआय करावाच लागतो. छोट्या मशीनचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून कोणी पेढे वाटायच्या मूडमध्ये आलं की मला धडकी भरते.

वेळ पण लागतो, एकेक सिक्वेन्स (एका प्रकारच्या फोटोंचा संच) काही मिनिटांचा, सगळं मिळून अर्धा तास कुठेच गेला नाही, त्यात बाळाने मान हलवली की परत पहिल्यापासून. दूध पाजून, घट्ट गुंडाळून, झोप लागली की लावायचं, ही युक्ती निम्म्या वेळा चालते. आवाज मोठ्या मशीनपेक्षा कमी आहे, तरी कान झाकतोच आम्ही.

आणि एक बोलायलाच पाहिजे, हे आल्यावर काही लोक सोनोग्राफीला विसरले, ते मला अजिबात आवडलेलं नाही. टाळू उघडी आहे तोवर ती आयती खिडकी आहे, प्रोब ठेवला की १० मिनिटांत काम, पेटीच्या भोकातून हात घालून, बाळ पेटीतच. कमी दिवसांच्या बाळांना मेंदूतला रक्तस्राव बहुतेक पहिल्या ७२ तासांत होतो, तेव्हा रोज कोण एमआरआय लावत बसणार? तिथे सोनोच. (जेल गरम करून घ्या हो, थंडगार जेल टाळूवर पडलं की बाळ कसं दचकतं ते बघवत नाही.) मेंदूचा वरचा पृष्ठभाग आणि मागचा खालचा भाग सोनोत नीट दिसत नाही, गुदमरल्याची सुरुवातीची इजा पण हुलकावणी देते, तिथे छोट्या एमआरआयचा खरा उपयोग. आणि टाळू भरून आलेल्या मोठ्या मुलांना, पीआयसीयूत (मुलांच्या अतिदक्षता विभागात), कारण तिथे खिडकीच बंद. एक्मोवरच्या (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या मशीनवरच्या) मुलाला तर मोठ्या एमआरआयमध्ये नेण्याचा प्रश्नच येत नाही.

नवजातांसाठीच बनवलेलं एम्ब्रेस म्हणून एक १ टेस्लाचं मशीन पण आहे, त्याला २०१७ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली. ते एनआयसीयूच्या आतच बसवतात पण बाळाला त्याच्यापर्यंत न्यावं लागतं आणि १ ते ४.५ किलोचंच बाळ चालतं. मी वापरलेलं नाही म्हणून तारे देत नाही.

आमच्यावाल्याला पाचपैकी साडेतीन. फोटोला अडीचच दिले असते. पण परवा स्कॅन चालू असताना एका बाळाची आई शेजारी बसून होती, रेषेच्या बाहेर, स्टीलचं स्टूल चालेना म्हणून मामांनी कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची आणली, आणि पूर्ण अर्धा तास तिला तिच्या बाळाचे पाय दिसत होते. वरचा एक तारा त्या खुर्चीचा.