ड्रुइड की फिशॅम्बल?

नवं आयरिश नाटक बघायचं तर नाट्यसंस्था कोणती गाठावी, गॉलवेची ड्रुइड की डब्लिनची फिशॅम्बल?

ड्रुइड 1975 साली सुरू झाली. गॅरी हाइन्स (नावावरून पुरुष वाटतो, पण या बाई आहेत), मेरी मलन आणि मिक लॅली यांनी राजधानीबाहेर व्यावसायिक नाटक उभं केलं. 1996 मध्ये मार्टिन मॅक्डोना या तेव्हाच्या अनोळखी लेखकाचं 'द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन' त्यांनी रंगभूमीवर आणलं. ते ब्रॉडवेवर पोचलं आणि 1998 मध्ये हाइन्स नाट्यदिग्दर्शनाचा टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. मात्र ड्रुइड जुन्या नाटकांतही तितकीच रमते. 2005 मध्ये त्यांनी जे. एम. सिंग या जुन्या आयरिश नाटककाराची सहाही नाटकं सलग केली.

फिशॅम्बलचं तसं नाही. 1988 मध्ये 'पिग्जबॅक' नावाने निघालेली ही संस्था फक्त नवी नाटकं करते. जुन्या नाटकांचा आधार नाही, म्हणजे प्रत्येक वेळी जुगारच. 2012 च्या 'टायनी प्लेज फॉर आयर्लंड'मध्ये सामान्य लोकांकडूनही चिमुकल्या संहिता मागवल्या होत्या. आपल्या एकांकिका त्यांच्यापुढे महानाट्यं वाटाव्यात! पॅट किनव्हेनचं एका बेघर माणसावरचं एकपात्री 'सायलेंट' मात्र लंडनमध्ये 2016 चा ऑलिव्हिए हा तिथला मानाचा नाट्यपुरस्कार घेऊन आलं.

कसलेला अभिनय हवा असेल तर ड्रुइड. माझं तिकीट फिशॅम्बलचं. प्रयोग फसला तरी चालेल.