दूरस्थ एमए सायकॉलॉजी, हेल्थ सायकॉलॉजीसाठी केलेलं: दोन्ही वर्षं संपल्यावरचा अनुभव

दूरस्थ एमए कसं चालतं, असाइनमेंट, प्रॅक्टिकम (प्रात्यक्षिकाचं काम) वगैरे इथे सगळ्यांना माहितीये, ते परत लिहीत नाही. आता लिहायचं कारण म्हंजे यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलं, आणि तेव्हापासून जो तो मला विचारतोय, "ताई तुमची डिग्री गेली का?" नाही गेली, बंदी नव्या प्रवेशांना आहे.

मी टीबी हेल्थ व्हिजिटर, म्हंजे टीबीचे पेशंट औषध नीट घेतात ना ते बघणारी. औषध सहा महिन्यांचं, पण दोनेक महिन्यांत खोकला थांबला की पेशंट गोळ्या सोडतो. कोणी रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी केशरी झालेली बघून घाबरतो आणि गुपचूप बंद करतो. माणूस असं का करतो हे, म्हंजेच हेल्थ सायकॉलॉजी, मला शिकायचं होतं, पगारातून फी निघाली पाहिजे आणि नोकरी सोडायला लागू नये. विद्यापीठाचं नाव देत नाही, पण फी खरंच परवडली, कर्ज काढावं लागलं नाही.

आता असाइनमेंटबद्दल. सगळ्या हाताने लिहायच्या. टाइप केलेली चालत नाही. ड्युटी करून आल्यावर, पोरांचा अभ्यास घेतल्यावर, रात्री पानंच्या पानं लिहायची, फुलस्केपचे गठ्ठे, पेनं, वर सगळ्याची झेरॉक्स ठेवायची कारण अभ्यासकेंद्रावर हरवलं तर पुरावा काय. आणि माझ्या एका विषयाचे मार्क चढलेच नाहीत! केंद्र म्हणे वर पाठवले, वरचे म्हणे केंद्राला विचारा. पोचपावती आणि झेरॉक्स होती म्हणून शेवटी चढले. पावती घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

पहिल्या वर्षी या लिहिण्याचा मला भयंकर राग होता. पण परीक्षेला तीन तास बसल्यावर हात थांबला नाही, स्टॅटिस्टिक्समधले टी टेस्टचे स्टेप्स आपोआप येत होते. आमच्या केंद्रावर दुसऱ्याकडून लिहून घेणारे होते, ते पेपरात अडकले. त्यामुळे आता हाताने लिहिण्याला माझा विरोध नाही, मार्क वेळेत चढवायला पाहिजेत एवढंच.

हेल्थ सायकॉलॉजी मात्र या एमएत फार कमी आहे. स्पेशलायझेशन क्लिनिकल, काउन्सेलिंग नाहीतर इंडस्ट्रियल यातलंच घ्यावं लागलं. बाकीचं मी ईज्ञानकोशवर (इग्नूची ऑनलाइन लायब्ररी) आणि इतर पुस्तकांतून वाचलं, ईज्ञानकोशवर इग्नूची पुस्तकं कोणालाही फुकट मिळतात. तिथून पुढे वाचत गेले तेव्हा हेल्थ बिलीफ मॉडेल कळलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबीचा एक्स-रे फुकट, एक्स-रेची गाडी घराजवळ, तरी लोक येईनात, तेव्हा हॉखबाउम वगैरे मानसशास्त्रज्ञांनी शोधलं की आपल्यालाही हा आजार होऊ शकतो आणि लवकर कळल्याने फायदा आहे असं ज्याला वाटतं तो येतो. हे वाचून मी पेशंटशी बोलायची पद्धत बदलली. "गोळ्या घ्या" म्हणायच्या आधी "तुम्हाला काय वाटतं, का झालं असेल?" असं विचारते, आणि लघवीचा रंग बदलणार हे पहिल्याच दिवशी सांगते. फी माझ्यासाठी इथेच वसूल झाली.

आता जे नवीन शोधतायत त्यांनी दूरस्थच्या जाहिरातीवाल्या एजंटला एक रुपया देऊ नका, "अजून प्रवेश चालू आहेत" म्हणणाऱ्याकडून तर पळाच. बारावी झालेली मुलं असतील तर हैदराबाद विद्यापीठात सेंटर फॉर हेल्थ सायकॉलॉजी आहे, पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी, केंद्रीय विद्यापीठ असल्याने फी खाजगीच्या मानाने कमी. त्यासाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातच राहायचं तर कलिनाला मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजी विभाग किंवा पुणे विद्यापीठाचा विभाग आधी बघा, खाजगीला नंतर. नोकरी करणाऱ्यांची मात्र या बंदीने खरी अडचण झालीय, माझ्या बरोबरच्या नर्सबाई पुढच्या वर्षी प्रवेश घेणार होत्या. गावाकडच्या बाईने रेग्युलर कॉलेजला कसं जायचं याचं उत्तर कोणी देत नाही आणि मला याची खरंच चीड येते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) मान्य कोर्सच लागतो, साध्या एमएवर ती होत नाही. हे फी भरायच्या आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.