आनुवंशिक कर्करोगाची चाचणी : अहवालाहून समुपदेशन मोलाचे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका घराण्यातून चालत आला आहे का, हे तपासण्यासाठी आम्ही भावंडे पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या जनुकीय समुपदेशन विभागात गेलो होतो. रक्त घेऊन अहवाल हाती देणाऱ्या प्रयोगशाळा आता पुष्कळ आहेत. त्या अहवालाचे करायचे काय, हे बसून समजावणारे थोडे. या विभागाचे मोल मला तेथेच वाटले.

रक्ताचा थेंबही घेण्यापूर्वी समुपदेशक मॅडमनी तीन पिढ्यांची वंशावळ मांडली आणि कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी कर्करोग झाला हे चिकाटीने विचारले. आईच्या गर्भाशयाच्या कर्करोगाचा भावाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात दोन्ही कर्करोग एकाच जनुकीय दोषामुळे होऊ शकतात. आमच्या नात्यात मामाच्या मुलीशी लग्न झालेली जोडपी आहेत का, हाही प्रश्न त्यांनी विचारला, कारण आईवडील दोघांकडूनही एकाच जनुकातील दोष आला तर मुलांना बालपणीच कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

चाचणी आधी आजारी भावाची झाली, आणि हा क्रम योग्यच होता. त्याच्या गाठीच्या जतन केलेल्या नमुन्यात डीएनए-दुरुस्तीचे एक प्रथिन आढळले नाही, म्हणून रक्त तपासले, तेव्हा एमएसएच२ या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकात दोष सापडला. मग आम्हा इतरांच्या रक्तात तेवढाच दोष शोधायचा होता, त्यामुळे खर्चही बराच कमी आला. प्रत्येक भावंडाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. माझ्यात तो नाही, धाकट्या बहिणीत आहे. तिला दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), गर्भाशयासंबंधीचे पर्याय आणि धोका कमी करण्यासाठी अ‍ॅस्पिरिन घेण्याचे फायदे-तोटे इतक्या शांतपणे समजावले की ती रडली, पण घाबरून घरी गेली नाही.

संमतिपत्र आणि अहवाल दोन्ही फक्त इंग्रजीत होते, ही मला गंभीर उणीव वाटते, कारण गावाकडच्या मावश्यांना दाखवायला एक पानही मराठीत मिळाले नाही. विम्याविषयीच्या प्रश्नालाही स्पष्ट उत्तर मिळाले नाही.

जाणार असाल तर आजारी नातेवाइकाचा बायोप्सी अहवाल आणि रुग्णालयाने जपलेला गाठीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला नमुना) आधीच मागून घ्या.