दहा दिवसांचं शिबिर की रोजची वीस मिनिटं?

विपश्यना शिबिराचा अर्ज अर्धवट भरून ठेवलेली बरीच माणसं मला भेटतात. दहा दिवस रजा, मोबाइल जमा, बोलणं बंद, एवढं वाचलं की पुढचं पान उघडायचा धीर होत नाही. ध्यानाचं ॲपही मोबाइलमध्ये असतं, पण त्याच्याकडे लक्ष जातं ते आठवड्यातून एकदा, झोप येत नसेल तेव्हा. मी आधी ॲप वापरलं, मग आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, वर्ग केला, शेवटी शिबिराला बसलो. तिन्हींनी मला वेगवेगळं काहीतरी दिलं, आणि एक गोष्ट तिन्हीकडून घरी आल्यावर माझी मलाच करावी लागली.

आधी शिबिर, कारण भीती त्याचीच जास्त असते. ही पद्धत सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकले आणि १९६९ पासून भारतात शिकवू लागले. पहाटे ४ वाजता घंटा होते, ४.३० वाजता आसनावर बसायचं, रात्री ९.३० वाजता दिवे बंद. दिवसातले दहाएक तास ध्यानात जातात. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान: येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास, आणि लक्ष नाकपुड्या व वरच्या ओठाच्या मधल्या इवल्याशा जागेवर. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग घ्यायचा आणि तिथली संवेदना नुसती पाहायची. त्यानंतर अधिष्ठानाच्या बैठका येतात. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

माझा डावा गुडघा अशाच एका बैठकीत पेटला. आधी वाटलं, सगळा पायच दुखतोय. मग नीट पाहत गेलो. एका जागी उष्णता, तिच्या शेजारी ठणका, वाटीखाली दाब, आणि मध्येच क्षणभर काहीच नाही. ठणका सरकत होता. ‘अनिच्च’, म्हणजे अनित्य, काहीच टिकत नाही, हा शब्द मी किती वर्षं वाचत होतो, त्या दिवशी तो गुडघ्यात कळला. त्याहून मोलाचं म्हणजे, पाय हलवावा ही ऊर्मी आणि प्रत्यक्ष पाय हलवणं यांच्यामधली फट दिसली. दिवसभरात विनाकारण मोबाइलकडे हात जातो, तो नेमकी हीच फट न दिसल्यामुळे. दहा मिनिटांच्या बैठकीत मला ती कधीच दिसली नव्हती, कारण अस्वस्थता ऐन रंगात येईपर्यंत वेळ संपलेली असायची.

शिबिराला शुल्क नसतं. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. खरी किंमत मोजतात ती घरची माणसं. तुमच्या वाट्याचं काम दहा दिवस कुणीतरी उचललेलं असतं. आणि गंभीर मानसिक आजार असेल किंवा होऊन गेला असेल, तर अर्जात ते लपवू नका. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. इतक्या सलग शांततेत मन काय वर काढेल ते सांगता येत नाही, आणि अशा वेळी धाडस करण्यात शहाणपणा नाही.

आठ आठवड्यांचा वर्ग हा त्यामानाने संसारी माणसाला झेपणारा. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो सुरू केला, जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी. आठवड्यातून एकदा वर्ग, बाकीचे दिवस घरी साधारण पाऊण तास सराव. नोकरी चालू राहते, अडचण आली तर विचारायला शिक्षक असतो. दवाखान्यात कोणत्याही धर्माच्या माणसाला चालावा म्हणून बौद्ध शब्द त्यातून जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. ते मला पटतं. पण शब्दांबरोबर शील, म्हणजे नीतीने वागणं, तेही मागे पडतं, हे मला खटकतं. श्वासावर लक्ष ठेवायला शिकलेला माणूस हाताखालच्यांशी पूर्वीइतकंच तुसडेपणाने बोलू शकतो.

ॲपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गजर लावायला आणि सुरुवातीला सूचना ऐकायला ते बरं. सलग किती दिवस झाले याचा आकडा जपण्यात मन अडकलं की ते काढून टाकावं.

आता ती राहिलेली गोष्ट. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहायचं: यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होतंय का? कायेच्या, वाचेच्या आणि मनाच्याही कर्माला हीच कसोटी. आपली अर्धी वाचा आज अंगठ्याने चालते. रात्री सहकाऱ्याचा झोंबणारा मेसेज येतो, उत्तर लिहून तयार असतं, अंगठा पाठवायच्या बटणावर. छातीत गरम, जबडा आवळलेला. तिथे तीन श्वास थांबायचं आणि तपासायचं: हे खरं आहे का, ही वेळ आहे का, सौम्य आहे का, उपयोगाचं आहे का, मनात मैत्री आहे का? सुभाषित वाणीची, म्हणजे चांगल्या बोलण्याची, ही पाच लक्षणं सुत्तांतच, बुद्धांच्या उपदेशांतच आहेत. माझे बहुतेक मेसेज दुसऱ्या प्रश्नालाच अडतात. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म सामाजिक आहे, तो माणसामाणसांतल्या योग्य व्यवहाराचा आहे, यावर भर दिला. मला तो व्यवहार सगळ्यात आधी या बटणापाशी दिसतो.

मग काय निवडायचं? घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर शिबिर पुढे ढकला, मनाला लावून घेऊ नका. अंग दुखतंय, ताण आहे, पण रजा नाही, अशांनी वर्ग शोधावा. वर्षानुवर्षं वाचन झालंय आणि बसणं मात्र होत नाही, अशांना मी शिबिरच सांगेन. दहा दिवसांत जी पकड येते ती घरी बसून यायला मला फार काळ लागला असता.

पण अर्ज पूर्ण करण्याआधी एक महिना रोज वीस मिनिटं आनापान करून पाहा, एकाच जागी, एकाच वेळी. शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, आणि घरात ती जागा, ती वेळ आधीच ठरलेली नसेल तर पंधरवड्यात सगळं विरून जातं. तारीख निवडताना परतल्यानंतरचा एक दिवसही रजेत धरा. मी धरला नव्हता. सकाळी परतलो आणि दुपारी कामावर गेलो, साठलेले शेकडो मेसेज एका दमात वाचले, आणि संध्याकाळपर्यंत माझा जबडा पुन्हा तसाच आवळलेला होता.